दुपारी चारची गोडाची ओढ

आहार सुधारायचा असं ठरतं. पोळ्या मोजून खाल्ल्या जातात, भात बंद होतो, तळलेलं टाळलं जातं. पहिला आठवडा बरा जातो. मग एका दुपारी चारच्या सुमारास काहीतरी गोड हवंच असं वाटायला लागतं, आणि बिस्किटं, बर्फी, मुलांसाठी आणलेलं चॉकलेट यांतलं जे हाताला लागेल ते संपतं. त्यामागोमाग अपराधी वाटतं. "माझा मनावर ताबाच नाही," हे वाक्य कितीतरी घरांत ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं. गोडाची ओढ बरीचशी अर्धपोटी राहण्यातून, अपुऱ्या झोपेतून आणि रोज नकळत पोटात जाणाऱ्या साखरेतून तयार होते. या तिन्हींवर इलाज करता येतो. पण गोडाबद्दलच्या काही समजुती इतक्या घट्ट बसल्या आहेत, की आपण भलत्याच ठिकाणी इलाज करत राहतो.

"गोड खावंसं वाटणं ही मनाची कमजोरी"

गोडाची आवड आपण जन्मतःच घेऊन येतो. काही तासांच्या बाळाच्या जिभेला गोड लागलं तर त्याचा चेहरा सैलावतो, कडू लागलं तर तोंड वेडंवाकडं होतं. आईच्या दुधात सुमारे ७ टक्के लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर असते. त्यामुळे गोड आवडतं याची लाज वाटण्याचं काहीच कारण नाही. प्रश्न आहे तो ही आवड एखाद्या दिवशी अनावर का होते, हा.

याचं एक उत्तर झोपेत आहे. २००४ साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचा संदेश देणारं लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटलं, भूक जागवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. भूक तर वाढलीच, पण गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची इच्छा विशेष वाढली. माणसं तीच होती आणि त्यांचा निश्चयही तोच होता. फक्त झोप कमी झाली होती. रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल पाहून सकाळी सहाला डबे करायला उठणाऱ्या बाईला दुपारी गोड हवं वाटलं, तर त्यात तिच्या मनाचा काय दोष?

दुसरं उत्तर अर्धपोटी राहण्यात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. युद्धात शस्त्र हाती घ्यायला ठामपणे नकार देऊन, स्वखुशीने या प्रयोगात आलेली ही माणसं होती. मनाने दुबळी असती तर ती तिथवर आलीच नसती. तरीही त्यांच्या डोक्यात दिवसभर अन्नाचेच विचार घोळू लागले. काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे.

आपल्याकडचं डाएट अनेकदा याच वाटेने जातं. सकाळी नुसता चहा, दुपारी काकडी-टोमॅटो आणि एक पोळी, मग चार वाजता शरीर लवकरात लवकर ऊर्जा देणारी वस्तू मागतं. ती वस्तू साखरच असणार. इथे इलाज चारच्या आधी करायला हवा. सकाळी पोटभर नाश्ता, दुपारच्या ताटात वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, सोबत दही, खाणाऱ्यांसाठी अंडं किंवा मासे. प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ पोटात असले की भूक उशिरा लागते. चार वाजता काही लागतच असेल तर फुटाणे किंवा मूठभर शेंगदाणे जवळ असावेत. सलाडपेक्षा वरणाची वाटी गोडाची ओढ जास्त आवरते, असं माझं स्पष्ट मत आहे.

उठून थोडं चाललं तरी फरक पडतो. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये जास्त वजनाच्या लोकांवर एक प्रयोग केला. पंधरा मिनिटं झपझप चालल्यानंतर त्यांची गोड खाऊची इच्छा, तेवढाच वेळ बसून राहिल्यावर होती त्यापेक्षा कमी झालेली दिसली.

"साखर बंद केली, आता फक्त गूळ"

ही समजूत सर्वांत जास्त नुकसान करते, कारण ती चांगल्या हेतूने पाळली जाते. गूळ उसाच्या रसापासून होतो, साखरही त्याच रसापासून होते. गुळाचा बराच मोठा भाग सुक्रोज, म्हणजे साखरच असतो. १०० ग्रॅम गुळात साधारण ३८० कॅलरी असतात, साखरेत ४०० च्या जवळपास. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, आणि चमचाभर गुळातून मिळणारं लोह त्यापुढे नगण्य असतं. ते भरून काढण्याइतका गूळ खाल्ला, तर त्यासोबत येणारी साखर कुणालाही झेपणार नाही. चव आवडते म्हणून गूळ जरूर वापरावा. मात्र "गुळाचं आहे, चालतं" म्हणून दोनाऐवजी चार लाडू खाल्ले तर रक्तातली साखर चार लाडवांच्या हिशेबानेच वाढते.

मधाचंही तेच. मधात सुमारे ८० टक्के साखरा असतात आणि जागतिक आरोग्य संघटना मधाची गणना मर्यादेत ठेवायच्या साखरेतच करते. जाता जाता एक सांगितलंच पाहिजे. नवजात बाळाला मध चाटवायची रीत अजून काही घरांत पाळली जाते. मधातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून एक वर्षाखालच्या बाळाला मधाचा थेंबही देऊ नये.

"साखर नसलेले" म्हणून विकले जाणारे खजुराचे लाडू घ्या. खजुराच्या वजनात साठ टक्क्यांहून जास्त साखर असते. त्यासोबत तंतू मिळतात, म्हणून बर्फीपेक्षा खजूर बरा. पण चार लाडू खाण्याची मुभा त्यातून मिळत नाही. कृत्रिम गोडी देणाऱ्या गोळ्या आणि पावडरींबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये, कारण दीर्घकाळात त्याचा फायदा दिसत नाही. ही सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

"फळंही गोडच, तीही बंद"

हे करू नका. अख्ख्या फळातली साखर तंतूंसोबत आणि पाण्यासोबत पोटात जाते, चावून खावी लागते आणि सावकाश शोषली जाते. संघटनेच्या मर्यादेत ती मोजलीच जात नाही. फळाचा रस मात्र मोजला जातो. एक संत्रं सोलून खाल्लं तर समाधान होतं, तीन-चार संत्र्यांचा रस मात्र दोन घोटांत संपतो आणि भूक तशीच राहते. डबाबंद रसांवरचा "१०० टक्के फळांचा रस" हा दावा काढून टाका, असा आदेश जून २०२४ मध्ये अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने कंपन्यांना दिला, तो उगाच नव्हे. आंब्याच्या दिवसांत फोडी खाव्यात. आमरस केलाच तर त्यात वरून साखर घालू नये, चांगल्या हापूसला तिची गरज नसते. मधुमेह असेल तर फोडींचंही प्रमाण ठरवून घ्यावं.

"साखर हे व्यसन आहे, एकदम तोडलं तरच सुटतं"

या समजुतीमागे मुख्यतः उंदरांवरचे प्रयोग आहेत, आणि ते नीट वाचण्यासारखे आहेत. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात उंदरांना दिवसाचे बारा तास उपाशी ठेवून नंतरचे बारा तास साखरपाणी आणि नेहमीचं खाणं दिलं गेलं. ते उंदीर साखरेवर तुटून पडू लागले, व्यसनासारखी लक्षणं दिसली. पण ज्यांना साखर सतत उपलब्ध होती, त्यांच्यात तसं वागणं आढळलं नाही. म्हणजे एकट्या साखरेने ते घडलं नव्हतं, तर आधी उपास आणि मग साखर या चक्राने घडलं होतं. माणसांमध्ये साखरेचं व्यसन जडतं याला भक्कम पुरावा मिळालेला नाही आणि मानसिक आजारांच्या मान्यताप्राप्त वर्गीकरणात तसा आजारही नाही. सोमवारपासून पूर्ण बंद आणि रविवारी पाव किलो जिलबी, हा क्रम त्या चक्रासारखाच आहे.

हळूहळू कमी करणं जास्त टिकतं. फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांनी तीन महिने साखर कमी खाल्ली. तिसऱ्या महिन्यात तेच पुडिंग त्यांना साखर कमी न केलेल्यांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त गोड लागू लागलं. गोडाची आवड गेली नाही, पण थोड्या साखरेत जीभ तृप्त होऊ शकते एवढं त्यातून दिसलं. नंतर हवं ते खायची मोकळीक मिळताच ती माणसं जुन्या सवयीवर परतली आणि हा बदलही ओसरला. म्हणून आयुष्यभर निभेल तेवढीच कपात करावी.

"सणासुदीचं गोडच नडतं"

हिशेब करून पाहा. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे चार ते पाच ग्रॅम साखर. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप धरले तर ३२ ते ४० ग्रॅम होतात. वर्षाला हे १२ ते १४ किलोंच्या आसपास होतं, आणि यात चहासोबतची बिस्किटं धरलेलीच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २,००० कॅलरींच्या आहाराला ५० ग्रॅम आहे, आणि त्याहून चांगलं म्हणजे २५ ग्रॅम. म्हणजे २५ ची मर्यादा एकटा चहाच मोडतो. ३०० मिलिलिटर कोल्ड्रिंकमध्ये आणखी तीसेक ग्रॅम असते.

पुरणपोळी मात्र होळीला आणि पोळ्याला होते, फार तर आणखी दोन-तीनदा. एका मध्यम पोळीत अंदाजे २०-२५ ग्रॅम गूळ जातो. शिवाय ती तूप, कटाची आमटी आणि कोशिंबिरीबरोबर, भरल्या ताटात खाल्ली जाते. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमधल्या २०१५ च्या एका छोट्या अभ्यासात मधुमेही व्यक्तींनी आधी भाज्या आणि प्रथिनं खाऊन मग पाव आणि संत्र्याचा रस घेतला, तेव्हा तासाभराने त्यांची रक्तशर्करा उलट क्रमाच्या तुलनेत ३७ टक्क्यांनी कमी भरली. जेवणाच्या पानात मध्येच गोड वाढायची आपली जुनी पद्धत रिकाम्या पोटी पेढा तोंडात टाकण्यापेक्षा शहाणपणाची आहे. श्रीखंडाबाबत मात्र हात आखडावा, कारण घरी चक्क्याइतकीच साखर घालतात आणि वाटीचा निम्मा भाग साखरेचा होतो.

मला विचाराल तर सणाची पोळी मनापासून खावी आणि कपात चहापासून सुरू करावी. दर दोन आठवड्यांनी पाव चमचा कमी करत गेलं, की चार महिन्यांत दोन चमच्यांवरून शून्यावर येता येतं आणि जिभेला सवय व्हायला वेळ मिळतो.

एक अपवाद प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या माणसाला अचानक घाम फुटून, हात थरथरून, छातीत धडधडून काही खावंसं वाटलं, तर ती साधी ओढ नसते. रक्तातली साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. अशा वेळी संयम धोक्याचा ठरतो. शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं आणि साखर वर आली नसेल तर पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखान्यात न्यावं. घरात असा रुग्ण असेल तर ही माहिती मुलांसकट सगळ्यांना आजच सांगून ठेवा.