अणूंच्या नजरेतून चुंबकत्व – लेखांक ७ : साक्रीच्या मातीखालचे डाइक

गेल्या आठवड्यात अणू म्हणजे एक चिमुकलं चुंबक कसं, ते पाहिलं. आज त्याच्याकडून खानदेशातलं एक काम करून घेऊ.

साक्रीहून नंदुरबारकडे जाताना माळावर काळ्या दगडांच्या लांबच लांब रांगा दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा भेगांतून वर येत होता. त्यातला काही भेगांतच थिजला. हेच डाइक. उघड्यावरचे डोळ्यांना दिसतात, मातीखालचे शोधावे लागतात. शोधायचे अशासाठी की घट्ट डाइक भूजल अडवून धरतो, तर भेगाळलेल्या डाइकमधून पाणी लांबवर झिरपत जातं.

या खडकात मॅग्नेटाइटचे कण असतात. त्यामुळे डाइकवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र थोडं बदलतं. आपल्याकडे ते ४४ हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असतं. डाइकवर त्यात शेकड्यांचा फरक पडू शकतो.

हा फरक टिपतो सिझियम. हा धातू २८.५ अंशांना वितळतो, म्हणजे जळगावच्या मे महिन्यात सावलीतही पातळ होईल. काचेच्या बंद कुपीत त्याची विरळ वाफ असते. तिच्यावर ८९५ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा, वर्तुळाकार ध्रुवीकरण केलेला लेसर सोडतात. प्रकाश शोषता शोषता अणू एकाच दिशेला वळतात आणि मग प्रकाश शोषणंच थांबवतात. कुपी पारदर्शक होते. या युक्तीचा पाया घालणारे आल्फ्रेड कास्लर यांना १९६६ चं नोबेल मिळालं.

कलता भोवरा जसा घुमतो, तसे हे अणू क्षेत्राभोवती घुमतात : दर नॅनोटेस्लाला सेकंदाला सुमारे साडेतीन फेऱ्या. खानदेशात हा आकडा दीड लाखावर जातो. कुपीभोवतीच्या तारेतून नेमक्या त्याच वारंवारतेचा प्रवाह सोडला की अणूंची शिस्त मोडते, ते पुन्हा प्रकाश शोषतात आणि पलीकडे पोचणारा उजेड घटतो. उजेड सर्वांत कमी होतो ती वारंवारता मोजली की क्षेत्र कळलं.

शेतात मोजणी करताना किल्ल्या, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल दूर ठेवावं लागतं. विजेच्या तारा आणि विहिरीवरची मोटरही टाळावी लागते. दिवसभरात क्षेत्र आपोआपही बदलतं, म्हणून दुसरं यंत्र एका जागी ठेवून तो बदल वजा करतात.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायला हवी : हे यंत्र पाणी दाखवत नाही, खडक दाखवतं. डाइक घट्ट की भेगाळलेला, हे विद्युत-रोध मोजून आणि आसपासच्या विहिरी पाहून ठरवावं लागतं. कर्ज काढून बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक आधीच सांगणं, हे मोजणाऱ्याचं कर्तव्य आहे.

पुढच्या आठवड्यात : मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला का न्यावी लागली?