शाफ्ट का तुटला?

मी कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!

प्रोजेक्टमध्ये माझा शाफ्ट पायरीच्या कोपऱ्यातच तुटला. जर्नलमध्ये लिहिलं, ‘शाफ्ट तुटला, नवा केला.’ सर म्हणाले, “ही बातमी झाली. शिकलीस काय?”

रात्री रूमवर तीन प्रश्न लिहिले: काय ठरवलं? का ठरवलं? पुढे काय बदलेन? दुसऱ्यापाशी पेन अडलं. काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो, तिथे गोलाई द्यावी, हे परीक्षेत लिहिलं होतं. ड्रॉइंगला मात्र जीटी मारली होती!

डोनाल्ड शॉन यांनी १९८३ च्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’मध्ये काम करतानाचा आणि काम झाल्यावरचा, असा दोन्ही वेळचा विचार मांडलाय. वही दुसऱ्यासाठी. त्याच रात्री लिहा. आठवडा गेला की आपण स्वतःलाही जीटीच देतो.