मधूच्छिष्टाची वर्ती : नाताळच्या सुटीतील एक उद्योग

मधूच्छिष्ट हे द्रव्य आपल्या औषधालयांत बहुधा पिंडतैल अथवा सिक्थतैल करावयाच्या वेळीच बाहेर निघते. एरवी ते फळीच्या कोपऱ्यात कागदात गुंडाळून पडलेले असते. त्यावर पांढुरकी साय धरली की नवखा मदतनीस बुरशी लागली म्हणून टाकून द्यावयास निघतो. वास्तविक ती बुरशी नव्हे. शुद्ध मेणातीलच काही अंश थंडीत पृष्ठभागी येऊन बसतात आणि मऊ कापडाने चोळले की नाहीसे होतात. अशा या उपेक्षित द्रव्याशी घरातील मुलांची ओळख करून देण्याचा एक मार्ग नाताळच्या सुटीत सापडला, तो वैद्यवर्गापुढे ठेवीत आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, धूमवर्तीचा विधी आला आहे. कल्क शराच्या काडीवर लिंपावा, वर्ती यवाच्या आकाराची, अंगठ्याएवढी जाड व आठ अंगुले लांब करावी, वाळल्यावर काडी काढून घ्यावी. स्नैहिक धूमाच्या वर्तीत तर वसा व घृत यांच्या जोडीला मधूच्छिष्टच सांगितले आहे. माझ्या नऊ वर्षांच्या नातीला सुटीत काही उद्योग हवा होता. तिच्यापुढे हेच माप ठेवले. करावयाची होती ती धूमवर्ती अर्थातच नव्हे, साधी मेणबत्ती.

आठ अंगुले म्हणजे सुमारे १५ सें.मी. एवढ्या मेणबत्तीत साधारण ४५ ग्रॅम मेण जाते. परंतु वात बुडविण्यासाठी उंच, अरुंद भांडे काठोकाठ भरलेले लागते, म्हणून एक किलोहून अधिक मेण हाताशी असावे. हे भांडे थेट आचेवर कदापि ठेवू नये. पाण्याच्या पातेल्यात ठेवावे. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, आणि उकळत्या पाण्यापलीकडे उष्णता जात नाही, त्यामुळे पेट घेण्याची भीती राहत नाही. ८५ अंशांच्या वर मात्र रंग काळवंडू लागतो. चुकून मेण पेटलेच तर पाणी ओतू नये, झाकण घालावे, हे मुलाला शेगडी पेटविण्यापूर्वीच सांगावे. वितळलेले मेण आणि शेगडी हा भाग मोठ्यांचा. वात बुडविण्याचे काम मुलाचे.

वात सुती धाग्याची तीनपदरी वेणी घालून करावी. वेणीचा शेंडा जळताना ज्योतीच्या कडेला वाकतो व आपोआप झडतो. मेण ७० अंशांच्या आसपास असताना वात बुडवून लगेच उचलावयाची, दोन मिनिटे टांगून ठेवावयाची, पुन्हा बुडवावयाची. मेण फार तापले तर आधीचा थर वितळून भांड्यात जातो, निवले तर गाठी धरतात. अंगठ्याएवढी जाडी येण्यास पंचवीस-तीस फेऱ्या लागतात. पहिल्या पाच-सात फेऱ्यांत काही दिसतच नाही आणि मूल कंटाळते. तेवढा वेळ निभावला की मग हातातून वात काढून घेणे कठीण!

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात तरुण श्रोत्यांसाठी व्याख्याने योजली जात. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या हिवाळ्यात तेथे सहा व्याख्याने केवळ मेणबत्तीवर दिली. त्यांतील एक प्रयोग घरी अवश्य करावा. मेणबत्ती विझवून वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला पेटती काडी लावली की ज्योत उडी घेऊन वातीवर येते. जळते ते मेणाचे बाष्प, हे मुलाला एका क्षणात कळते. नातीने काड्यांची अर्धी पेटी त्यातच संपविली.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे मेण दोन ठिकाणचे होते. एक महाबळेश्वर भागातील मधपाळाकडून आणलेले (त्याच तालुक्यातील मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले), दुसरे बाजारातील एका व्यापाऱ्याने ‘शुद्ध’ म्हणून औषधालयास दिलेले. दुसऱ्याची मेणबत्ती विझताच नात म्हणाली, “आजोबा, याला मधाचा वास नाही, रॉकेलसारखा येतो.” पहिले मेण मोडले असता कणीदार, निस्तेज भंग दिसला, दुसरे बोटांना बुळबुळीत लागले. पॅराफिनचा विलयनांक काही वेळा मधमाश्यांच्या मेणाच्या जवळपास असतो, त्यामुळे केवळ विलयनांकावर विसंबता येत नाही. आम्लमूल्य पाहावे. शुद्ध मेणाचे ते साधारण १७ ते २४ असते, पॅराफिनचे जवळपास शून्य. प्रयोगशाळेकडून आलेला आकडा शुद्ध मेणाच्या निम्म्याहूनही कमी होता. ते सर्व मेण परत केले. सुदैवाने त्याचे पिंडतैल अद्याप व्हावयाचे होते. वातरक्ताचा रुग्ण ज्या कल्पाचे मूल्य मोजतो त्यात खनिज तेलाचा उपपदार्थ जावा, हे आपल्यापैकी कोणासही मान्य होणार नाही. औषधनिर्मात्यांनी प्रत्येक खेपेचे आम्लमूल्य मागावे. व्यापारी कुरकुर करतील, करोत.

अशा मेणबत्त्या हवा शुद्ध करतात अशी जाहिरात अलीकडे दिसते. तिला आधार नाही. कोणतीही ज्योत काजळी सोडते. श्वासाच्या रुग्णाच्या खोलीसाठी त्या विकू नयेत. मुलांच्या हाती देताना कापूरही मिसळू नये, तो पोटात गेल्यास बालकांना आक्षेप येऊ शकतात.

उरलेल्या मेणाचे सिक्थतैल करावे. एक भाग मेण, पाच ते सहा भाग तिलतैल. थंडीत सहा घेतले म्हणजे कल्प घट्ट होऊन बसत नाही. आजीच्या भेगाळलेल्या टाचांसाठी नातीने डबी भरली, वर स्वतःच्या अक्षरात नाव व दिनांक लिहिला. भांडी मात्र गरम असतानाच कागदाने पुसून घ्यावीत. मेणाचे पाणी मोरीत ओतले तर ते नळीत थिजते आणि प्लंबर बोलवावा लागतो.