घरकुल मंजूर झाले, आता राहायचे कुठे?

पुलगाव आणि देवळी तालुक्यातील खेड्यांत घरकुलाची यादी लागली की वस्तीत दोन चर्चा सुरू होतात. यादीत नाव कोणाचे आले आणि कोणाचे राहिले, ही पहिली. ती मोठ्याने होते. तिच्यासाठी अर्ज लिहिले जातात, मोर्चे निघतात. दुसरी चर्चा घरातल्या घरात, दबक्या आवाजात होते. जागा तेवढीच असल्यामुळे जुने घर पाडल्याशिवाय नवे बांधता येत नाही. मग नवे उभे राहीपर्यंत म्हातारी आई, शाळेत जाणारी मुले, भांडीकुंडी, धान्याची कोठी आणि दारातली शेळी घेऊन राहायचे कुठे? या प्रश्नावर कोणत्याही सभेत ठराव झालेला मी पाहिलेला नाही. शिक्षक या नात्याने अनेक कुटुंबांबरोबर खोली शोधत फिरलो, त्यातून जे समजले ते येथे मांडतो.

प्रथम योजनेची रीत पाहू. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) 2016 साली सुरू झाली. सपाट प्रदेशातील घरासाठी तिने 1,20,000 रुपये ठरवले, घर किमान 25 चौरस मीटरचे असावे असे सांगितले, आणि मंजुरीपासून बारा महिन्यांत ते पुरे व्हावे अशी अपेक्षा ठेवली. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास योजना आहे. दोन्हीकडे पैसा एकदम हाती येत नाही. पाया झाला, भिंती वर आल्या, छत पडले, अशा टप्प्यांनी हप्ते येतात आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून तो वर पाठवावा लागतो. म्हणजे काम आधी आणि पैसा नंतर. ज्याच्या गाठीशी चार पैसे आहेत त्याचे काम थांबत नाही. मजुरीवर जगणाऱ्याचे थांबते. हप्ता आला तर रेती नसते, रेती आली तर मिस्त्री दुसऱ्या कामावर गेलेला असतो, आणि मिस्त्री मिळेपर्यंत पाऊस लागतो. कागदावरचे बारा महिने असे लांबतात.

हे सगळे महिने माणूस कुठेतरी राहतोच. त्याचा खर्च अनुदानाच्या हिशेबात नाही. समजा, महिना 2,000 रुपये भाड्याची एक खोली घेतली आणि आठ महिने लागले. 16,000 रुपये झाले. 1,20,000 मधून ते वजा करा. शंभरातले तेरा रुपये भिंत उभी राहण्याआधीच गेले. हेच तेरा रुपये पुढे छताला कमी पडतात, आणि मग लोक म्हणतात की या लोकांना सरकारने पैसे दिले तरी घर पुरे करता येत नाही. अपुऱ्या घरांच्या मागे आळस शोधणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता पर्याय पाहू. माझ्या पाहण्यात ते चार आहेत.

पहिला, नातेवाइकाचे घर. त्याला भाडे नाही, पण ते फुकटही नाही. एका खोलीत दोन चुली लागल्या की तिसऱ्या महिन्यात बोलणे सुरू होते. या बोलण्याचा भार बहुधा बाईवर पडतो; पाणी कोणी भरले आणि सरपण कोणाचे जळले, याचा हिशेब तिच्याकडेच मागितला जातो. म्हणून जायचेच तर मुदत सांगून जावे आणि धान्याचा, विजेचा वाटा पहिल्याच दिवशी ठरवावा.

दुसरा, स्वतःच्याच जागेवर किंवा शेजारी टिनाची खोपडी. जुन्या घराचे टिनपत्रे, बल्ल्या, दार यांचा तिला उपयोग होतो. कुडाला तुराट्या-पऱ्हाट्या आणि वर ताडपत्री पुरते. सर्वांत स्वस्त हाच मार्ग, पण त्याला ऋतू सोसत नाही. वैशाखात आमच्या वर्धा जिल्ह्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा टिनाखाली तान्हे मूल ठेवता येत नाही. पावसाळ्यात खालून ओल येते. जागा लांबट असेल तर मागची एक खोली उभी ठेवून समोरून काम सुरू करावे आणि समोरचे छत पडल्यावर मागचे पाडावे. मिस्त्री याला कुरकुरतो. पण पाडण्यापूर्वी आखणी नीट केली तर कितीतरी महिन्यांचे भाडे वाचते. त्यासाठी अभियंत्याला जागेवर बोलावून आधीच विचारून घ्यावे.

तिसरा, सार्वजनिक जागा: समाजमंदिर, विहाराची खोली, नदीकडचे किंवा रेल्वेकडचे मोकळे रान. समाजमंदिर आठ-पंधरा दिवसांपुरते ठीक. त्यावर साऱ्या वस्तीचा हक्क आहे. मोकळ्या रानात पाल टाकले की ते कधी उठवले जाईल याचा नेम नसतो.

चौथा, भाड्याची खोली. पुलगाव हे गाव रेल्वे, कापड गिरणी आणि दारूगोळा भांडार यांच्या भोवती वाढले. बाहेरून नोकरीला येणाऱ्यांची येथे सवय आहे, त्यामुळे खोल्या मिळतात. पण घरमालकाच्या डोळ्यांसमोर पगारदार भाडेकरू असतो. रोजमजुराला तो आगाऊ रक्कम जास्त सांगतो किंवा खोलीच नाही म्हणतो. अशा वेळी केवळ भाडे विचारून परतू नये. वीज भाड्यात आहे की वेगळी, नळाचे पाणी किती वेळ, संडास सामाईक आहे काय, हे सारे धरून महिन्याचा एकूण आकडा काढावा. स्टेशनजवळची महाग खोली कधीकधी लांबच्या स्वस्त खोलीपेक्षा परवडते, कारण कामावर जाण्याचे भाडे वाचते. पैसे दिल्याची पावती घ्यावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 जेथे लागू आहे तेथे पावती देणे आणि करार लेखी करून नोंदवणे हे मालकाचे काम आहे, आणि भाडेकरूला हुसकण्यासाठी पाणी-वीज तोडणे बेकायदा आहे.

एवढे सांगितले तरी मुख्य अडचण राहतेच. खोली पसंत पडते, भाडे ठरते, आणि उंबऱ्यात प्रश्न येतो: ‘आडनाव काय?’ माझ्याबरोबर असलेल्या एका कुटुंबाला एका घरमालकाने आडनाव ऐकल्यावर सांगितले की खोली कालच दिली. ती पुढे दोन महिने रिकामी होती. अशा नकारामुळे वस्तीतल्या माणसाला निवडीला थोड्याच खोल्या उरतात, आणि थोड्या खोल्यांना गिऱ्हाईक जास्त झाले की भाडे चढते. जातीचा हा कर कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो.

हा कर किती जुना आहे, हे बाबासाहेबांच्या आयुष्यावरून कळते. 1917 साली कोलंबिया आणि लंडन येथे शिकून ते बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. जात कळताच लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ओळखीच्या मित्रांनीही आसरा दिला नाही. शेवटी बागेत बसून वेळ काढून त्यांनी मुंबईची गाडी धरली. अडचण पैशाची असती तर पगाराने ती सुटली असती.

कायदा या बाबतीत मुका नाही. 1955 चा अस्पृश्यता अपराध कायदा 1976 पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याच्या कलम 4 मध्ये कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे किंवा त्यात राहणे यांना अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असे कृत्य घडले, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालयाने मानावे, असे कलम 12 सांगते. पण घरमालक कारण सांगतच नाही, ‘खोली दिली’ एवढेच म्हणतो. म्हणून खोली पाहायला एकट्याने जाऊ नये. बरोबर एक साक्षीदार असावा, तारीख आणि बोलणे टिपून ठेवावे.

जगात इतरत्रही माणसे मधल्या काळात अडकतात. अमेरिकेत घर गेलेली कितीतरी कुटुंबे मोटारीच्या फिरत्या घरात राहतात आणि ते उभे करण्यासाठी भाड्याची जागा घेतात. तेथे रोजाचा दर जबर, महिन्याचा कमी. महिन्याच्या दरात वीज बहुधा वेगळी. आणि गाडी दहा वर्षांहून जुनी असेल तर कित्येक ठिकाणी फाटकातूनच परत पाठवतात. छप्पर आपले, जमीन दुसऱ्याची, हा पेच आपल्या पालावरच्या भटक्या बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे. गुन्हेगार जमातीचा कायदा 1952 साली रद्द झाला, तरी पाल टाकू देणारा गाव त्यांना सहज सापडला नाही.

मग मागणी काय करावी? शासनाला मधल्या काळाचे भाडे हा विषय अपरिचित नाही. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात झोपडीधारकाला इमारत होईपर्यंत संक्रमण शिबिरातील जागा किंवा भाडे द्यावे लागते. तेथे फसवणूक होते, शिबिरात वर्षे जातात, पण हक्क तरी मान्य आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला 2016-17 पासून स्वाधार योजनेत निवासाचे पैसे मिळतात. मुंबईच्या झोपडीधारकाला आणि विद्यार्थ्याला जे तत्त्व लागू आहे, ते देवळी तालुक्यातील शेतमजुराला का लागू नसावे? घरकुलाच्या पहिल्या हप्त्याबरोबर मधल्या निवासाची रक्कम वेगळी मिळावी, आणि ग्रामपंचायतीने, नगरपरिषदेने पाणी व संडास असलेल्या चार-सहा खोल्या आळीपाळीने देण्यासाठी राखाव्यात, असा ठराव ग्रामसभेत आणि नगरपरिषदेपुढे मांडता येईल.

ठराव होईपर्यंत करण्याजोगेही पुष्कळ आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीची एक वही करावी: कोणती खोली, भाडे किती, पाणी कसे, मालकाने काय विचारले. शिक्षकांनी पाहावे की घर बदलले म्हणून मुलाची शाळा सुटणार नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. कार्यकर्त्यांनी सांगावे की रेशनकार्ड आता दुसऱ्या दुकानावरही चालते, त्यासाठी धान्य सोडू नये. आणि यादीत नाव आलेल्या घरी अभिनंदनाला जाल, तेव्हा जुने घर कधी पाडणार आणि त्यानंतर कुठे राहणार, हे आधी विचारा.