तंदूरचा धूर

संध्याकाळ झाली की भाईंदर आणि मीरा रोडच्या बाजारात हॉटेलं गजबजतात. तंदूर पेटतो. सळईवर कोंबडी भाजते, मासळी भाजते. खमंग वास सुटतो. पण त्याबरोबर धूरही निघतो. तो जातो कुठं? माडीवरच्या घरांत, रस्त्यावरच्या माणसांच्या छातीत. सर्वांत जास्त जातो तो तंदूरपाशी राबणाऱ्या कामगाराच्या छातीत. तो कामगार कोणाचा तरी मुलगा असतो, कोणाचा तरी घरधनी असतो.

धूर म्हणजे काय? कोळसा पुरता जळत नाही, त्याची काजळी उडते. मांसातली चरबी निखाऱ्यावर ठिबकते, तिचेही बारीक कण होतात. मोठे कण नाकात अडकतात. बारीक कण अडकत नाहीत. अडीच मायक्रॉनचे पंचवीस-तीस कण ओळीनं ठेवले, तर केसाएवढी जाडी होते! हे कण फुप्फुसात खोल जातात. काही रक्तातही उतरतात. खोकला, दमा, हृदयविकार यांना ते वाट करून देतात.

मग तंदुरी खायची नाही का? तसं नव्हे. धूर आवरता येतो. कसा, ते आम्ही सांगतो.

पहिला उपाय इंधनाचा. कोळसा सोडून गॅस किंवा वीज वापरावी. मुंबई उच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०२५ रोजी हवेच्या प्रदूषणाच्या खटल्यात हुकूम दिला. लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या आणि तशा धंद्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यावं, असा तो हुकूम होता.

पण नुसता गॅस पुरत नाही. चरबी आगीवर पडली, की धूर होणारच. म्हणून जादा चरबी आधी काढावी. ठिबकणारं तेल आगीत न पडता बाजूच्या ताटात पडेल, अशी सोय करावी.

तिसरा उपाय धुराड्याचा. भट्टीवर छत्री, आत जाळी आणि पंखा हवा. जाळीवर चरबी साचते. ती वरचेवर गरम पाण्यानं धुवावी. नाही धुतली तर तीच पेट घेते. मोठ्या हॉटेलांत विजेचं यंत्र बसवतात. केसांत फिरवलेली फणी जशी कागदाचे कपटे ओढते, तसं ते धुराचे कण पत्र्यावर ओढून धरतं. यंत्र नसेल तर उंच धुराडं धूर दूर नेतं, पण नाहीसा करत नाही, हे ध्यानात असू द्या.

आणखी एक मोलाची गोष्ट. थंडीत निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत घेऊन कधीही झोपू नका. कोळशातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस दगावतो.

तुमच्या गावचा कोणी पोरगा तंदूरवर कामाला असेल, तर त्याला हे वाचून दाखवा.