जिथे गिऱ्हाईक कोणीच नाही!

डोरेमॉन आणि शिनचॅन ही नावे आता आपल्या घरांत परकी राहिलेली नाहीत. ही जपानी चालती-बोलती चित्रे समोर असल्याशिवाय मुलांच्या घशाखाली घास उतरत नाही, ही तक्रार कोणत्या आईने केली नसेल? मुलांचे वेड समजू शकते. पण ज्या देशात ही चित्रे जन्मली, तिथे शिकून-सवरून नोकरीधंद्याला लागलेली माणसेही त्यांच्यापायी वर्षातून दोनदा लाखांनी जमतात, हे ऐकून मला नवल वाटले. या मेळ्याचे नाव 'कॉमिक मार्केट', लाडाने 'कॉमिकेट'.

माझा भाचा नोकरीनिमित्त टोकियोत असतो. गेल्या ऑगस्टमध्ये मी त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा तो मला तिथे घेऊन गेला. "मामा, टोपी आणि पाण्याच्या दोन बाटल्या बरोबर घ्या," असे त्याने बजावले, ते किती खरे होते हे रांगेत उभे राहिल्यावर कळले! तिथला उन्हाळा आपल्या मुंबईला लाजवील असा दमट. २०१३ च्या ऑगस्टमध्ये तर म्हणे, माणसांच्या घामाच्या वाफेचा एक धूसर ढगच दालनाच्या छताखाली तरंगू लागला होता.

टोकियोच्या उपसागराकाठी 'टोकियो बिग साइट' नावाचे अवाढव्य प्रदर्शनगृह आहे. चार पिरॅमिड उलटे करून उंच खांबांवर ठेवावेत, तशी त्याची दर्शनी इमारत. १९९६ पासून कॉमिकेटचे बिऱ्हाड इथे आहे. २०१९ च्या डिसेंबरात चार दिवसांत साडेसात लाखांची हजेरी लागली होती. करोनाच्या साथीमुळे २०२० चे मेळे बंद राहिले. हल्ली तो दोनच दिवस भरतो आणि तिकीट आधी काढावे लागते; तरी २०२४ च्या डिसेंबरात सुमारे तीन लाखांची गर्दी झाली. आणि एवढ्या गर्दीत कोणी कोणाला धक्का मारीत नाही!

आत गेल्यावर मी मोठमोठी दुकाने शोधू लागलो. मोठ्या कंपन्यांसाठी वेगळा विभाग होता खरा. पण मेळ्याचा जीव तिथे नव्हता. तो होता घडीच्या टेबलांच्या लांबच लांब ओळींत. एकेका मंडळाला अर्धे टेबल मिळते, आणि त्यावर आपण स्वतः लिहिलेली, स्वतः काढलेली, पदरमोड करून छापलेली पुस्तके मांडायची. त्यांना 'दोजिन्शी' म्हणतात. म्हणजे एका आवडीच्या माणसांनी मिळून काढलेले नियतकालिक. कोणी आवडत्या मालिकेची गोष्ट ती संपल्यानंतर पुढे नेलेली असते, कोणी दोन पात्रांची मनासारखी गाठ घालून दिलेली असते. पलीकडे एक पोक्त गृहस्थ आगगाड्यांवरचे स्वतःचे पुस्तक घेऊन बसले होते. आवारात ठरवून दिलेल्या जागी आवडत्या पात्रांचे वेश केलेले हौशी बहुरूपी. मात्र घरूनच वेश करून यायचे नाही, असा दंडक आहे.

मला आपल्या शाळा-कॉलेजांतली हस्तलिखिते आठवली. ही आठवण तितकीशी अस्थानी नाही. जपानातही १८८५ साली केन्युशा नावाच्या तरुण साहित्यिकांच्या मंडळाने आपले मासिक प्रथम हातानेच लिहून काढले होते. दोजिन्शीची परंपरा तिथपर्यंत मागे जाते.

कॉमिकेटचा जन्म मात्र एका अपमानातून झाला. १९७५ साली चित्रकथांच्या चाहत्यांचे एक मोठे संमेलन भरत असे. त्याच्यावर टीका करणाऱ्या एका व्यक्तीला तिथे प्रवेश नाकारण्यात आला. 'मेइक्यू' या मंडळातल्या तरुणांना हे खटकले. नुसता निषेध करून ते थांबले नाहीत. २१ डिसेंबर १९७५ रोजी त्यांनी स्वतःचा मेळा भरवला. ३२ मंडळे आणि सुमारे ७०० माणसे आली. त्यांत शाळकरी मुलीच जास्त होत्या! त्या तरुणांपैकी योशिहिरो योनेझावा यांनी १९८० पासून २००६ साली मृत्यू येईपर्यंत मेळ्याची धुरा वाहिली.

ज्याचा जन्म दार बंद झाल्यामुळे झाला, त्याने आपले दार उघडे ठेवण्याचे व्रत घेतले. येथे 'गिऱ्हाईक' हा शब्दच नाही. विकणारा, घेणारा, रांग लावणारा, सारे 'सहभागी'. व्यवस्था पाहणारी सुमारे तीन हजार माणसे बिनपगारी राबतात. पुष्कळांचा तर छपाईचा खर्चही सुटत नाही.

हे व्रत सोपे मात्र नाही. काही पुस्तके अश्लील ठरली, पोलिसांचा ससेमिरा लागला, आणि १९९१ साली माकुहारी येथील सभागृहाने ऐनवेळी जागा नाकारली. मेळा मोडायचीच वेळ आली होती. शेवटी हारुमीच्या जुन्या जागेचा आसरा मिळाला, आणि तेव्हापासून नमुन्याच्या प्रतींची तपासणी कडक झाली. दार उघडे ठेवायचे, तर उंबरठ्यावर पहाराही स्वतःच द्यावा लागतो, हे त्या लोकांना तेव्हा उमगले असावे.

एका टेबलामागे विशीतली एक मुलगी बसली होती. समोर तीसेक प्रती. एकाने "पाहू का?" असे विचारून पुस्तक उचलले, उभ्याउभ्या चार पाने वाचली, आणि दोन्ही हातांनी ते परत ठेवून तो पुढे गेला. मला वाईट वाटले. ती मात्र हसून वाकली. "कोणीतरी वाचले, एवढ्यासाठीच ती आली आहे मामा," भाचा म्हणाला.

आमच्या मुलांनी पडद्यासमोर किती वेळ बसावे, यावर घरोघरी वाद चालतात. पण पाहिल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. पाहून मन भरले, की त्यातून स्वतःचे काही करावे, चार जणांपुढे मांडावे, असे तिथल्या लाखो माणसांना वाटते. दिवाळीच्या सुटीत घरात एखादी वही आणि रंगपेटी मोकळी पडली असेल, तर त्याला टोकियो गाठण्याची गरज नाही.

मेळा संपल्याची घोषणा होते, तेव्हा दालनातली सारी माणसे टाळ्या वाजवतात. तो गजर कोणा पाहुण्यासाठी नसतो, अध्यक्षांसाठी नसतो. सारेच यजमान असल्यामुळे प्रत्येकजण दुसऱ्यासाठी टाळी वाजवीत असतो.