होडीतला डिझेलचा वास: शोधायचा कसा, थांबवायचा कसा



पनवेलचा कोळीवाडा, गव्हाण, न्हावे, मोरावे अशा खाडीकाठच्या गावांत घरची होडी असलेल्या कितीतरी ताया आहेत. इंजिनचं काम निघालं की कर्जाचा अर्ज गटातच येतो. इंजिनला हात घालणारे बहुतेक घरातले पुरुष असतात, पण वास पहिल्यांदा कळतो तो मासळी निवडणाऱ्या बाईला. पाटीतल्या कोळंबीला डिझेलचा वास आला की गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या पाटीकडे वळतं.

‘होडी म्हटली की वास यायचाच’ असं म्हणून आपण सोडून देतो. टाकी भरताना, इंजिन सुरू करताना थोडा वास येतो हे खरं, पण तो वाऱ्यावर निघून जातो. रात्रभर उभ्या असलेल्या होडीची फळी सकाळी उचलली आणि भपकारा आला, तर कुठेतरी गळतंय असंच समजा.

दुर्लक्ष का करू नये?

मासळीत मुरलेला तेलाचा वास पाण्याने धुऊन जात नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली आणि समुद्रात तेल सांडलं. त्या वेळी लोकांनी मासळी घ्यायचंच टाळलं आणि विकणाऱ्या बायकांच्या पाट्या तशाच राहिल्या. आपल्या होडीतली गळती छोटी असली तरी आपल्या पाटीपुरतं तेच घडतं.

दुसरा मुद्दा पैशाचा. सेकंदाला एक थेंब गळत राहिला तर दिवस-रात्रीत साधारण २ लिटर डिझेल जातं. लिटरला ९० रुपये धरले तर महिन्याला ५,४०० रुपये झाले. एवढ्यात एखाद्या कर्जाचा हप्ता सुटतो.

तिसरा मुद्दा आगीचा. तापलेल्या इंजिनवर किंवा धुराच्या नळीवर डिझेल उडालं तर पेट घेऊ शकतं.

आधी सफाई, मग शोध

तळाला जुनं डिझेल साठलेलं असेल तर नवीन गळती दिसणारच नाही. डिझेल पाण्यावर तरंगतं, लाकडात मुरतं आणि गळती बंद झाली तरी वास देत राहतं. म्हणून आधी तळातलं तेलकट पाणी डब्यात काढा. ते खाडीत ओतू नका. चिंबोरी, निवटी, बोय याच खाडीत वाढतात. साबण टाकून ओतलं तरी तेल नाहीसं होत नाही, फक्त डोळ्यांआड होतं. उरलेलं डिझेल जुन्या सुती चिंध्यांनी किंवा लाकडाच्या भुशाने टिपा, कपड्याच्या पावडरने घासा आणि फळ्या उघड्या ठेवून उन्हात वाळवा. तेलकट चिंध्या चुलीजवळ किंवा होडीत कोंबून ठेवू नका.

वास कधी येतो?

हे दोन-तीन दिवस वहीत लिहून ठेवा. अर्धं उत्तर इथेच मिळतं.

• टाकी भरल्यावर वास जास्त आणि निम्मी झाल्यावर कमी: टाकीचं तोंड, तिथला रबरी पाइप किंवा टाकीचा वरचा भाग बघा.

• दुपारी उन्हात वास: टाकी गळ्यापर्यंत भरली जात असेल. १०० लिटर डिझेल १५ अंशांनी तापलं तर साधारण सव्वा लिटरने फुगतं आणि हवेच्या नळीतून बाहेर येतं. टाकीत थोडी जागा मोकळी ठेवा. हवेच्या नळीचं तोंड होडीच्या आत उघडत असेल तर ते बाहेर काढून घ्या.

• इंजिन बंद असतानाही वास: टाकीचा तळ, कॉक, फिल्टर आणि तिथपर्यंतचा पाइप. लोखंडी टाकीच्या तळाला पाणी साठतं आणि ती आतून गंजते. ओल्या लाकडावर टेकलेला भाग बाहेरूनही गंजतो. हात फिरवा आणि बोटांचा वास घ्या.

• इंजिन चालू असतानाच वास: उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा बारीक ओव्हरफ्लो पाइप आधी बघा. तो उष्णतेने कडक होऊन तडकतो. त्यानंतर नोझलकडे जाणारे लोखंडी पाइप.

• इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढली, ऑइल पातळ झालं आणि त्याला डिझेलचा वास आला: पंपातून डिझेल ऑइलमध्ये उतरत असेल. अशा वेळी इंजिन चालवू नका, मेकॅनिकला बोलवा.

गळतीची जागा पकडायची युक्ती

टाकीपासून सुरुवात करा आणि पाइपाच्या मागोमाग इंजिनपर्यंत जा. मध्येच उडी मारू नका. प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसा, त्यावर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरवा आणि खाली पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा. रात्रभर इंजिन बंद ठेवून सकाळी बघा. ओलं झालं तिथे पावडर काळपट दिसेल. काहीच दिसलं नाही तर अर्धा तास इंजिन चालवा, बंद करा आणि मग पुन्हा बघा. डिझेल पाइपावरून ओघळत खाली येतं, म्हणून कागद जिथे भिजला त्याच्या वरच्या बाजूला शोधा.

तीन गोष्टी मात्र कधीच करू नका. माचिस किंवा दिवा घेऊन गळती शोधू नका, बॅटरी वापरा. चालू इंजिनच्या नोझलच्या पाइपाला हात लावू नका. तिथली बारीक धार कातडीच्या आत घुसते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण बोट गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर तात्काळ दवाखाना गाठा. आणि रिकाम्या टाकीला तशीच वेल्डिंग करू देऊ नका. आतल्या वाफेमुळे रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. आधी ती नीट साफ करून वाफमुक्त करावी लागते आणि ते जाणत्या कारागिराचंच काम आहे.

होडीला पेट्रोलचं मशीन असेल तर

वरची युक्ती पेट्रोलला लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाला साचते आणि एका ठिणगीने भडकते. वास आला की मशीन सुरू करू नका, कुठलंही बटण दाबू नका, विडी-चूल विझवा. होडीतली माणसं उतरवा, टाकी किनाऱ्यावर मोकळ्या जागी ठेवा आणि होडीला भरपूर वारा लागू द्या. मगच पाइप तपासा.

दुरुस्ती टिकाऊ हवी

तडकलेल्या पाइपाला चिकटपट्टी किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळणं म्हणजे किनाऱ्यापर्यंत पोचण्यापुरता उपाय. किनाऱ्याला लागलात की डिझेलसाठीच असलेला पाइप बसवा. बागेला पाणी घालायचा पाइप डिझेलने फुगतो. क्लिपा न गंजणाऱ्या स्टीलच्या घ्या. खाऱ्या हवेत साधी लोखंडी क्लिप फार टिकत नाही. फिल्टर उघडला की त्याचा वॉशर नवा टाका. जुनाच वॉशर जोरात आवळला तर आटे जातात.

एवढं करूनही लाकडाला वास राहतो. धुणं आणि ऊन काही दिवस चालू ठेवा. अगरबत्ती किंवा सुगंधी फवाऱ्याने वास झाकू नका. त्याने नवीन गळती लपते.

मासळीसाठी एवढं पाळा: डिझेलचा कॅन बर्फावर किंवा मासळीच्या खणात ठेवायचा नाही, नरसाळं वेगळ्या पिशवीत ठेवायचं, डिझेल भरलेले हात साबणाने धुतल्याशिवाय मासळीला लावायचे नाहीत.

कधी करायचं?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. टाकी उतरवून तळ बघायला यापेक्षा चांगला वेळ नाही. नारळी पौर्णिमेची गडबड सुरू झाली की मेकॅनिक मिळत नाही. त्यामुळे पाइप, वॉशर, क्लिपांचा अंदाज मे महिन्यातच काढा आणि कर्ज लागणार असेल तर मेच्या बैठकीत मागणी नोंदवा.

आणि आजपासून एक काम करा. घरखर्चाच्या वहीत होडीसाठी एक पान ठेवा. किती डिझेल भरलं, किती तास इंजिन चाललं, वास आला का, एवढंच लिहा. तेवढ्याच तासांना डिझेल जास्त लागायला लागलं, तर ते पान घेऊन मेकॅनिककडे जा. तो इंजिन उघडायच्या आधी ते पान बघेल आणि त्याचाही वेळ वाचेल.